पडदा ओढल्यानंतर

सुनेने लावलेला रंगीत सिनेमा आईने बंद केला आणि जुना काळा-पांढरा लावला. गोष्ट एकच. घर सोडून गेलेली मुलगी वर्षअखेरच्या सुट्टीत परत येते आणि फाटकाशी उभी राहते. त्यावर आजवर तीन सिनेमे निघाले होते. तिसऱ्या, कार्टूनमध्ये तर मुलीच्या जागी ससा होता. तो आईने हिशेबातच धरला नव्हता. रंगीतमधली आई तिला मुळीच पसंत नव्हती. पोटची पोर घर सोडून गेली तरी बाईच्या ओठांचा रंग जागेवर.

सुनेला नेमका रंगीतच सिनेमा आवडे. लग्न होऊन आली तेव्हा तिला मतं नव्हती. आता दर सुट्टीला एकेक फुटत होतं. मुलगा दोघींच्या मधे बसून नखं खात होता.

सोफ्याच्या टोकाला, पाहुणीसारखी, लेक बसली होती. आईच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून ती आज पहिल्यांदाच उंबरठ्याच्या आत आली होती, तीही भावाने परस्पर बोलावलं म्हणून. आईने तिला ये म्हटलं नव्हतं, बस म्हटलं नव्हतं. राहणार का, हा तर प्रश्नच नव्हता.

सिनेमा शेवटाला आला. फाटकाशी मुलगी. तिची म्हातारी आई खिडकीतून बघते आणि पडदा ओढते. आईने नेहमीसारखा टीव्ही बंद केला.

"संपला. उठा आता."

या घरातली मुलं हाच शेवट बघत मोठी झाली होती. सून मात्र उठली नाही. अजून पुढे आहे, तिन्ही सिनेमांत आहे, असं तिने सांगितलं. म्हातारी पडदा ओढून चपला शोधते, मग बाहेर येते आणि फाटक उघडते.

मुलगा आईकडे बघतच राहिला.

"पुढे नुसती रडारड आहे," आई म्हणाली. "काय बघायचंय त्यात?"

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "लग्नानंतर पूर्ण पाहिला. दुसऱ्याच दिवशी इथे आले. तू खिडकीतून बघितलंस आणि पडदा ओढलास. बराच वेळ उभी होते मी. मला वाटलं, चपला शोधत असशील."

सून जमिनीकडे बघू लागली.

"दाराला बेल होती," आई म्हणाली. "मी आतल्या बाजूला उभी होते, अंधार पडेपर्यंत. बेल वाजवायला हात मोडले होते?"

"तू कडी काढायची होतीस."

"मी?"

दोघींच्या हनुवट्या सारख्याच वर गेल्या होत्या. मुलाने तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं.

मग आई सुनेकडे वळली.

"मधल्या खोलीतली गादी उन्हात टाक. वास मारत असेल."

"राहते, असं मी म्हटलेलं नाही," लेक म्हणाली.

"तुला विचारलंय कुणी?"