पाय लागला की

माझा राग घरी भांड्यांवर निघतो, म्हणून मुलीने मला मिरजोळ्यातल्या तायक्वांदोच्या क्लासला घातलं. वय बेचाळीस, नवरा बोटीवर. लाथा मारायचा कोरियन खेळ, एवढंच मला ठाऊक होतं.

महिनाभर नुसत्या पॅडवर लाथा मारल्या. मग गुरुप्रसाद सरांनी मला सानवीसमोर उभं केलं. पंधरा वर्षांची पोर, छातीला जाड कवच बांधलेलं. दोघी एकमेकींसमोर कमरेत वाकलो आणि खेळ सुरू झाला. माझी पहिलीच लाथ तिच्या कवचावर बसली. मी लगेच वाकून तिला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पाय लागला की नमस्कार करायचा, हे आईने धपाटे घालून शिकवलेलं. तेवढ्यात सानवीची लाथ माझ्या खांद्यावर आली. पोरं खो खो हसली. मी तणतणत चपला शोधायला निघाले.

सर हसले नाहीत. म्हणाले, "ताई, सुरुवातीला वाकलात ना, तोच नमस्कार. पाय लागणारच असतो, म्हणून आधी करून ठेवायचा. राहिलेला शेवटी."

मी परत उभी राहिले. माझ्या आणखी तीन लाथा तिला बसल्या. सानवीने चांगलं घट्ट उभं राहून झेलल्या.

शेवटी दोघी वाकलो. ती सरळ झाली, मी वाकलेलीच.

"ताई, झालं," सर म्हणाले.

झालं नव्हतं. माझा राग असा समोर उभं राहून झेलणारं माणूस मला आजवर भेटलंच नव्हतं.