पाळ फोडणाऱ्या कुदळीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. कुदळीला सांगण्यासारखं काय असणार, असं तुमच्या मनात येईल. पण माझ्या गळ्यात एकदा लाखेची मोहोर लावलेली चिठ्ठी बांधली होती. धुळ्याच्या कोर्टात भल्या भल्या माणसांनी मला हातात धरून निरखलं होतं. तिथे मला कुणी कुदळ म्हणत नव्हतं, मुद्देमाल म्हणत होतं.

माझा जन्म पिंपळनेरच्या एका लोहाराकडे झाला. बैलगाडीच्या चाकाची झिजलेली धाव तापवून, ठोकून त्याने मला घडवलं आणि धावड्याच्या लाकडाचा दांडा बसवला. मला नेलं ते पुनाने. पुना पांझरेकाठच्या आमच्या गावचा पाटकरी होता. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि त्या पाटाच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे चार मोठे पट्टे. या पट्ट्यांना आमच्याकडे फड म्हणतात. दरवर्षी तीन फड पिकायचे आणि पाळीपाळीने एक पडीत राहायचा. कुणाला पाणी कधी मिळेल, हे पाटकरी ठरवायचा. पाटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम होता.

आणखी एक नियम होता आणि तो मला सगळ्यात प्रिय होता. चैत्रात पाट कोरडा पडला की प्रत्येक घरातला एक माणूस गाळ काढायला आलाच पाहिजे. जो येणार नाही, त्याला वर्षभर पाण्याची पाळी नाही. ते दिवस काय वर्णावेत! पहाटेपासून साऱ्या गावच्या कुदळी आणि फावडी खणखणायची. पाटाच्या काठाला, म्हणजे पाळीला, नवी माती चढायची. पुनाची बायको यशोदाबाई भाकरी आणि ठेचा घेऊन यायची. माझं पातं उन्हात चकाकायचं आणि लोक म्हणायचे, "पुना, तुन्ही कुदळ म्हंजे सोनं शे." मी लोखंडाची असले तरी ते ऐकून सुखावत असे.

काम संपलं की शेवटी राखणदाराची झोपडी हलवायची. पिकांची राखण वेस्ता करायचा. तो, त्याची बायको दिवालीबाई आणि मुलगी रुपली, एवढं त्यांचं घर. पीक ज्या फडात, झोपडी त्या फडात. म्हणून दर चैत्रात गावच्या गाड्या यायच्या, कुडाच्या भिंती उचलायच्या आणि नव्या जागी उभ्या करायच्या.

रुपली नऊ वर्षांची होती. तिला कुणी काम सांगितलेलं नव्हतं. तरी ती पाळीवर फिरायची, खेकड्यांची बिळं शोधायची आणि चिखलाचे गोळे करून त्यांत कोंबायची. खेकडा दिसतो एवढासा, पण त्याच्या बिळातून पाणी झिरपायला लागलं की पाळ आतून पोखरते. पुना हसून म्हणायचा, "रुपली, तू मोठी व्हयनी का तुलेच पाटकरी करसू." ती माझ्या दांड्यावर चिखलाचे हात पुसायची आणि पळून जायची. मला राग येत नसे.

मग बिघडलं कुठे? बिघडायला मोठं कारण लागत नाही, मित्रांनो. गावचा मोठा बागायतदार सुकदेवआबा. एका चैत्रात त्याच्या घरी लग्न होतं, म्हणून त्याने माणूस पाठवला नाही. नियमाप्रमाणे पुनाने त्याचं पाणी बंद करायला हवं होतं. पण आबाच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत पुनाला झाली नाही. त्याने पाणी सोडलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या घरांनी विचार केला, आबाला पाणी मिळतं, तर आपणच का राबायचं? गाव करील ते राव काय करील, असं म्हणतात ते खरंच आहे. गावाने ठरवलं तर गाव काहीच करत नाही, हेही मी पाहिलं.

तिसऱ्या चैत्रात पाळीवर पुना एकटा आणि मी. वडाच्या वळणापुढे, खालच्या गल्लीच्या अगदी डोक्यावर, पाळीला बोटभर भेग पडलेली होती. पुना आबाच्या ओसरीवर गेला. मी त्याच्या खांद्यावर होते.

"आबा, पाळ खचेल शे," तो म्हणाला. "माणसं धाडा. आतेच माती टाकनी पडी."

"पुढला वरीसले देखू, पुना. यंदा कोनले येळ शे?"

"आनि वेस्तानी झोपडी? ती पडीत फडमाच राही गयी."

"ऱ्हाऊ दे. तो काय पायी जाई नही शकस?"

झोपडी तिथेच राहिली. वेस्ता रोज पायी दुसऱ्या फडात राखणीला जाऊ लागला. पुनाने तेव्हाही आबाचं पाणी तोडलं नाही. पाण्याची किल्ली त्याच्या हातात होती, पण ती फिरवण्याचं बळ त्याच्या हातात नव्हतं. मला त्याची कीव येत होती आणि चीडही येत होती.

पोळा होऊन गेला होता. त्या दिवशी आमच्याकडे पावसाचा टिपूस नव्हता, लख्ख ऊन पडलं होतं. पाऊस वर डोंगरात कोसळला असावा. पांझरा एकाएकी फुगली आणि लाल, गढूळ होऊन अंगावर आली. वाहून आलेला एक भलामोठा वृक्ष पाटाच्या तोंडाशी आडवा अडकला, म्हणून पाणी अडवायच्या तिथल्या फळ्या खाली पडेनात. पाट काठोकाठ भरला. वळणापुढची ती भेग आता बोटाएवढी नव्हती, हात जाईल एवढी झाली होती. खाली गल्ली होती. गल्लीत घरं, म्हातारी माणसं, भरलेली शाळा आणि पुनाचं स्वतःचं घरही होतं. पळा म्हणून ओरडत फिरलं तरी अर्धी माणसं बाहेर पडली नसती.

उपाय एकच होता. वळणाच्या वरच्या अंगाला पाळ फोडायची आणि पाणी पडीत फडात सोडायचं.

पुनाने मला उचललं आणि फडाकडे पाहिलं. दूर, फडाच्या खोलगट टोकाला, झोपडीतून धूर निघत होता.

मित्रांनो, माणूस थबकतो ते कुदळीला आधी कळतं. पुना जीव तोडून ओरडला, "रुपली! ये रुपली! झोपडी सोड! पानी ई राहिनं!" पाण्याच्या गर्जनेत त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नसेल. मागे भेगेतून मातीचं ढेकूळ निसटलं आणि गल्लीत बायकांचा आकांत उठला. पुनाने डोळे मिटले आणि मला पाळीत घातलं.

मी बोथट का झाले नाही, माझा दांडा का मोडला नाही, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. पण पुनाने मला चांगली धार लावून ठेवली होती. पाळ फुटली. पाणी फडात कोसळलं आणि गल्ली वाचली.

दुपार टळता टळता पाणी ओसरलं तेव्हा रुपली बाभळीच्या मुळांत सापडली. दिवालीबाई वैरण आणायला गेली होती, वेस्ता राखणीवर होता. पोरगी एकटीच भाकरी भाजत होती. मातीची वेळ झाली तेव्हा पुना मला घेऊन खड्डा खणायला गेला. वेस्ताने मला त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या मुलीचा खड्डा स्वतः खणला. जमीन अजून ओली होती. मला जराही जोर लागला नाही, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. पाट फोडणं हा गुन्हा, त्यात जीव गेलेला. पुनाला नेलं आणि मलाही नेलं. धुळ्याच्या कोठारात चोरीची भांडी आणि रक्ताळलेल्या काठ्या यांच्यात मी महिनोन्‌महिने पडून होते. माझ्या पात्यावर गंज चढला.

गावाने पुनाला वकील दिला. आबा त्यात पुढे होता. खटल्याच्या दिवशी गाड्याच्या गाड्या भरून गाव साक्षीला आलं. "पाळ फोडल्याबिगर इलाज नव्हता," असं प्रत्येकाने शपथेवर सांगितलं आणि ते खरंच होतं. सरकारी वकिलाने पुनाला विचारलं, "गल्लीत तुझंही घर होतं ना? मग तू गाव वाचवलंस की आपलं घर?"

"दोन्ही," पुना म्हणाला.

"झोपडीत कुणी आहे, हे तुला माहीत होतं का?"

 पुनाने नाही म्हटलं असतं तर त्याला खोटं पाडणारा साक्षीदार एकच होता, टेबलावर पडलेली मी. आणि मला कोण विचारणार?

"माहीत व्हतं, साहेब," पुना म्हणाला. "धूर दिसत व्हता. मी देखा आनि मंग कुदळ मारी."

मागच्या बाकावर दिवालीबाईने पदर तोंडात कोंबला. धुराची गोष्ट तिने आज पहिल्यांदा ऐकली होती.

पुनाचा वकील मात्र डगमगला नाही. तो उठला आणि त्याने दंडसंहितेचं एक्याऐंशीवं कलम वाचून दाखवलं. त्याचा अर्थ असा होता: नुकसान होईल हे माहीत असूनही एखाद्याने कृत्य केलं, पण त्याच्या मनात गुन्ह्याचा हेतू नव्हता आणि दुसरं नुकसान टाळण्यासाठी त्याने ते शुद्ध भावनेने केलं, तर तो गुन्हा होत नाही. संकट किती मोठं होतं आणि किती जवळ आलं होतं, एवढं कोर्टाने पाहायचं. यालाच गरज म्हणतात, असं तो म्हणाला. पुना त्याच्याकडे बघत राहिला. माहीत असूनही माफी असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्याला ती नकोच होती.

तेवढ्यात वेस्ता उभा राहिला. शिपायाने त्याला बसवायला हात केला, पण न्यायाधीशांनी बोलू दिलं.

"साहेब, त्या दिन फोडनं पडनं, हाई मी मान्य करस," वेस्ता म्हणाला. "मी तठे ऱ्हातू ते मीबी फोडतू. पन पाळ कच्ची कोनी ठेवी? मनी झोपडी खड्डामा कोनी ठेवी? तीन उन्हाळा व्हतात. तवय कोनले गरज नही पडनी का?"

गाड्या भरून आलेलं गाव खाली बघू लागलं. आबा उपरण्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला. न्यायाधीश चांगले गृहस्थ होते.  ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचा प्रश्न खरा आहे. पण माझ्यापुढे फक्त त्या एका घटकेचा प्रश्न आहे. त्या घटकेला गरज होती."

पुना निर्दोष सुटला.

गावाने वाजतगाजत त्याला परत आणलं. आबाने नारळ आणि पागोटं पुढे केलं. पुनाने ते घेतलं नाही. मला मात्र त्याने कोर्टातून मागून आणलं होतं. माझ्या गळ्यातली चिठ्ठी काढली आणि दगडावर घासून माझा गंज उतरवला. वेस्ता आणि दिवालीबाई शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्यात, तिच्या माहेरी निघून गेले. जाताना ते पुनाच्या दारावरूनच गेले. यशोदाबाईने हाक मारली, पण दोघांनीही मान वळवली नाही.

पुढच्या चैत्रात पुनाने चावडीवर सांगितलं, "जो माटी टाकाले ई, तेलेच पानी. आबा ऱ्हावो का आखो कोनी." आबाने माणूस पाठवला नाही आणि पुनाने खरंच त्याचं पाणी तोडलं. जे बळ तीन वर्षं आधी हवं होतं, ते आता आलं होतं. पंधरवड्याच्या आत पंचांनी पुनाला पाटकरीपणावरून काढलं. गाव वाचवणारा म्हणून ज्याला मिरवलं, तो आता गावाला नकोसा झाला.

तरी जिवंत होता तोवर पुना दर चैत्रात मला घेऊन वळणावर जायचा. एकटाच माती टाकायचा आणि गुडघे टेकून खेकड्यांच्या बिळांत चिखलाचे गोळे कोंबायचा. घरी चुलीचा धूर कोंडला की तो जेवण टाकून अंगणात जाऊन बसायचा. यशोदाबाईने शेवटी चूलच बाहेर मांडली. तो गेला त्याला आता चार पावसाळे झाले.

मित्रांनो, आता मी गोठ्याच्या दाराआड उभी आहे. माझ्या दांड्याला वाळवी लागली आहे. लोक म्हणतात, गोरे साहेब जाणार, राज्य आपलं होणार. होवो बापडं. कायदा तोच राहील, असंही म्हणतात. राहो, तो कायदा वाईट नाही. संकट नाकाशी आल्यावर माणसाने काय करावं, एवढंच तो बघतो. संकट दूर असताना काय करायचं, ते तुम्हाला बघायचं आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे तुमच्या आजोबांनी तुम्हाला शिकवलंच असेल. पूर आल्यावर पाळीकडे धावू नये, एवढं माझं त्यात जोडा. कुदळ उन्हाळ्यात चालवली तर ती माती चढवते. पावसाळ्यात चालवावी लागली तर ती काय करते, ते मी तुम्हाला सांगितलं.

नव्या राखणदाराची झोपडी यंदाही पडीत फडातच राहिली आहे. गोठ्याच्या दारातून मला ती दिसते. सकाळी तिच्यातून धूर निघतो.

आज चैत्र आहे. पाट कोरडा आहे. वळणावर अजून कुणी आलेलं नाही. मी दाराआडच आहे, मला न्या.