दिपेशचं उत्तर

नवेद जव्हारचा. बाप जुल्फिकार बाजारात फुटके डबे-कंदील झाळून द्यायचा. मुलगा नाशकात कॉम्प्युटर शिकला आणि तिथल्याच एका लहानशा कंपनीत लागला. २००५ साली कंपनीला आरोग्य केंद्रांचं काम मिळालं. नर्सबाईने बाळाचं वय आणि वजन कॉम्प्युटरवर टाकायचं, ते फोनच्या लाइनीवरून ठाण्याच्या सर्व्हरला जायचं आणि तिकडून उत्तर यायचं: बाळ ठीक आहे, की ताबडतोब दाखल करायचं. आपल्या मुलखातलं काम म्हणून नवेदने ते मागून घेतलं होतं.

जव्हारला गाडी रुळावर आली. मोखाड्याकडच्या केंद्रात मात्र लाइन दिवसदिवस मेलेली. सर्व्हर भेटतच नाही, तर उत्तर पडद्यावर नीट उमटतं का, चिठ्ठी छापून येते का, हे तपासायचं कसं? नवेदने मध्ये प्रॉक्सी सर्व्हर बसवला. म्हणजे एक मधला निरोप्या. जव्हारला लाइन चालू असताना त्याने एका बाळाचं खरं उत्तर त्यात टिपून ठेवलं होतं. साखरशेतचा दिपेश, आठ महिन्यांचा, आठ किलोचा गुटगुटीत. आता इथे वजन काहीही टाका, निरोप्या ठाण्याला जायचाच नाही. दिपेशचंच उत्तर पुढे करायचा. ‘वजन ठीक. पुढील महिन्यात आणावे.’ चाचणीपुरतं तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी दुपारी चिठ्ठी एकदाची सरळ छापून आली. बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

“योगिताताई, आता सगळं बरोबर चालतंय,” बॅग खांद्याला लावत नवेद म्हणाला आणि पळाला.

तो छपाईबद्दल बोलत होता. नर्स योगिताने ‘सगळं’ ऐकलं.

सोमवारी येऊन प्रॉक्सी काढायचा असं त्याने ठरवलं होतं. पण साहेबांनी त्याला नाशकातच दुसऱ्या कामाला जुंपलं, आणि तो केंद्रावर पोचला तेव्हा तीन आठवडे उलटले होते.

योगिताने खुर्चीही पुढे केली नाही.

“नवेदभाऊ, मी दोनदा टाकलं होतं वजन,” ती म्हणाली. “वरच्या पाड्यावरच्या रुपीचा मंगळू. अकरा महिन्यांचा, साडेचार किलो. मला डोळ्यांनी दिसत होतं हो. रुपी तर राहायच्या तयारीने आली होती, कपड्यांचं गाठोडं घेऊन. मशीन म्हणालं ठीक आहे. मी म्हटलं, घरी जा.”

“मग?”

“नवव्या दिवशी गेला.”

नवेदने प्रॉक्सीची नोंद उघडली. त्यात उत्तरंच नव्हे, विचारलेले प्रश्नही राहत. मंगळवार, सकाळी अकरा सतरा: वय अकरा महिने, वजन साडेचार. पुन्हा अकरा एकोणीसला तेच. दोन्ही प्रश्न ठाण्याला न जाता याच खोलीत अडकून पडले होते.

त्याने सगळं कागदावर लिहून केंद्राच्या डॉक्टरांना दिलं. ‘पोर आधीच अशक्त होतं,’ म्हणत त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये सारला. मग नवेद योगिताला म्हणाला, “मला त्यांच्या घरी न्या.”

पाड्यावर रुपी ओट्यावर बसली होती. तिचा नवरा माघ्या कुडाला टेकून उभा. नवेदला कुठून सुरुवात करावी कळेना. प्रॉक्सी हा शब्द त्याच्या तोंडून निघालाच नाही.

“ताई, त्या दिवशी मशीनने जे सांगितलं, ते मंगळूचं नव्हतं. दुसऱ्या पोराचं होतं. मी ठेवलं होतं ते. काढायचं राहिलं.”

रुपीने वर बघितलं.

“कोणाचा पोर?”

“साखरशेतचा. दिपेश.”

“बरा हाय ना तो?”

नवेदने होकाराची मान हलवली. त्याला वाटलं होतं ती शिव्या देईल, माती फेकील. त्याची तयारी होती. या प्रश्नाची नव्हती.

“मंग माझे पोराचा जबाब कुठं हाय?” रुपीने विचारलं. “तो काय आला?”

“तो कुणी विचारलाच नाही, ताई. माझ्यामुळे.”

तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला. आवाज तरीही बाहेर आला. योगिता खाली बसून तिला धरायला गेली. रुपीने आधी तिचा हात झिडकारला, मग तोच हात घट्ट पकडून ठेवला.

“जा आता, भाऊ,” माघ्या नवेदला म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “तिला रडू दे. इतके दिस रडली नव्हती.”

नवेद उतरणीला लागला. नाचणीच्या बांधाशी तो खाली बसला आणि हमसून हमसून रडला. योगिता मागून आली. तो उठेपर्यंत उभी राहिली.

प्रॉक्सी त्याने त्याच दिवशी काढला. महिन्याभराने नोकरीही सोडली. योगिताने मात्र केंद्र सोडलं नाही. चिठ्ठीवर काहीही छापून येवो, त्यानंतर ती आधी बाळाकडे बघायची.