चाळिसाव्या पायरीवरचं गाणं

हॉलिवूडशेजारच्या बरबँकमध्ये, टीव्हीच्या स्टुडिओंत, नाताळ ऑगस्टातच उरकून घेतात. १९७३ साली तो एका मंगळवारी आला. बाहेर डांबर मऊ पडलं होतं आणि स्टुडिओत प्लॅस्टिकच्या हरणांवर प्लॅस्टिकचा बर्फ पडत होता. चाळीस पायऱ्यांचा पांढरा जिना पार छताच्या दिव्यांपर्यंत चढवला होता. त्याच्या टोकाला गायिका इमोजिन फॅरल उभी होती, आणि चौथ्यांदा तिचे ओठ गाण्याच्या मागे पडले होते.

गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं होतं. ते वाजवायचं काम ऑर्व्हिल हॅचचं. खाली कॅमेऱ्यांपाशी ठेवलेल्या स्पीकरमधून त्याने गाणं सोडायचं, वर इमोजिनने ओठ हलवायचे, आणि डिसेंबरात सगळ्या देशाने समजायचं, की बाई बर्फात उभी राहून गातेय. साधा, प्रामाणिक व्यवसाय.

"वय झालं तिचं," निर्माता मरे ग्लिक म्हणाला. सात वर्षांनी तिला टीव्हीवर आणायची थोर कल्पना सकाळपर्यंत त्याचीच होती. चौथ्या टेकनंतर ती दुसऱ्याच कुणाची तरी झाली. "अजून एकदा बघतो. नाही जमलं तर हे गाणं त्या संत्र्याच्या रसाच्या जाहिरातीतल्या जुळ्यांना. इमोजिन मागे उभी राहून हात हलवेल."

ऑर्व्हिलला मात्र एक गोष्ट खटकत होती. ओठ उशिरा हलत होते, पण चारही वेळा सारखेच उशिरा. पहिल्या ओळीला जितके, तितकेच शेवटच्या ओळीला. थकलेल्या माणसाची चूक इतकी शिस्तीची नसते. त्याने मोजपट्टी लावून अंतर मोजलं. स्पीकरपासून जिन्याच्या टोकापर्यंत ऐंशी फूट. तेवढं जायला आवाजाला सेकंदाचा चौदावा भाग लागतो. म्हणजे इमोजिनला प्रत्येक शब्द तितका उशिरा ऐकू येत होता, आणि जे ऐकू येईल त्याच्याशी ती अगदी बिनचूक जुळवून घेत होती.

"मरे, चूक तिची नाही. आवाजच तिच्यापर्यंत उशिरा पोचतोय."

"मग तू लवकर सोड ना."

"लवकर सोडला तरी वाटेत तेवढाच वेळ घेणार."

"काल मी न्यूयॉर्कला फोन केला. अडीच हजार मैल! ताबडतोब ऐकू आलं. आणि तुला ऐंशी फूट जड जातायत?"

ऑर्व्हिलने नाद सोडला आणि सेट उभारणाऱ्या क्लाइव्हला गाठलं. वरच्या पायरीवर एक छोटा स्पीकर ठेवला तर?

क्लाइव्हने छातीवर हात ठेवला. "हा स्वर्गाचा जिना आहे, ऑर्व्हिल. स्वर्गात डबे नसतात."

"प्लॅस्टिकची हरणं असतात?"

"हरणं असतात."

शेवटी ऑर्व्हिल स्पीकर आणि वायरचं भेंडोळं घेऊन मागच्या शिडीने वर चढला. इमोजिन घाम टिपत होती.

"निरोप आणलास ना? जुळी आलीत, पाहिली मी. चार वेळा दात घासून आल्यासारखी दिसतायत."

ऑर्व्हिलने तिला अंतराचं सगळं गणित सांगितलं.

"म्हणजे माझं काही बिघडलेलं नाही?"

"काहीच नाही, मिस फॅरल. तुम्ही फक्त लांब उभ्या आहात."

"हे कळायला चार टेक लागले तुला?"

ऑर्व्हिलने हातातला स्पीकर पुढे केला. "पण हा ठेवायचा कुठे? खालून दिसता कामा नये."

इमोजिनने स्वतःच्या झग्याकडे पाहिलं. पोलादी कड्यांवर ताणलेला तो झगा चांगला पाच फूट रुंद होता. "यात एखादं कुटुंब राहील. बांध आतून कमरेच्या पट्ट्याला. आणि डोळे मीट."

पाच किलोंचा स्पीकर त्याने चाचपडत बांधला; तो आत गुडघ्यापाशी लोंबू लागला. "आता मरेला सांगतो, म्हणजे तुमच्यावरचा ठपका जाईल."

"खबरदार! आज चुकले आणि सुधारले, एवढं चालतं. डबा बांधल्याशिवाय हिला जमत नाही असं एकदा झालं, की पुढच्या वर्षी कोण बोलावणार मला?"

पाचव्या टेकला ओठ आणि शब्द असे एकत्र चालले, की खालच्या नाचणाऱ्या पोरीही वर बघत राहिल्या. जुळी घरी गेली.

"पाहिलंत?" मरे सगळ्यांना सांगत सुटला. "जुळ्यांचं नाव काढलं आणि सुधारली! कलाकाराला धाक हवा." मग जिन्याच्या पायथ्याशी येऊन त्याने हात पसरले. "उतर खाली, इमोजिन!"

सगळं युनिट बघत होतं. इमोजिन कमरेला पाच किलो घेऊन, हसत, एकेक पायरी उतरू लागली. टेक संपताच मागच्या शिडीने पुन्हा वर पोचलेला ऑर्व्हिल मागून तिच्या झग्याची कड उचलून, काळी वायर कोपरावर गुंडाळत येत होता.

"तू काय करतोयस तिच्यामागे?" मरेने विचारलं.

"झगा सांभाळतोय."

"शाब्बास! आवाजवाल्यांना आज पहिल्यांदाच उपयोगाचं काम मिळालं."

इमोजिन शेवटची पायरी उतरली आणि तिने मरेला कडकडून मिठी मारली. आत कुठेतरी ठक्क वाजलं.

"गाणं माझंच ना, मरे?"

"तुझंच, तुझंच," मरे गुडघा धरून म्हणाला. "तुम्ही बायका आत घालता तरी काय!"