अस्सल भीमथडी

टक्! गोंदाच्या बाटलीचं झाकण फरशीवर पडलं आणि घरंगळत आजोबांच्या आरामखुर्चीखाली गेलं. गंधालीची आई, कुसुमआजी, परत जाऊन तासभर झाला होता.

झाकण काढायला गंधाली वाकली, तसा खुर्चीच्या पायाशी तिला कप दिसला. तिची आई दोन गाड्या बदलून बीरगांवहून नातीला भेटायला आली होती आणि त्याच कपातून चहा पिऊन गेली होती. ती जिना उतरायच्या आतच सासऱ्यांनी, नरहररावांनी, कप चिमटीत धरून खाली ठेवला होता. "बाहेर फेकून दे. धुऊ नको." आता तळाशी साय वाळली होती, वर माशी बसली होती. गंधालीच्या घशाशी आंबट पाणी आलं. किळस माशीची नव्हती, त्या चिमटीची होती. जातीबाहेर लग्न करून या घरात आल्यापासून, आठ वर्षं, गंधाली ती चिमूट पाहत होती.

सात वर्षांची स्वरदा फरशीवर पालथी पडून शाळेचा तक्ता चिकटवत होती. जगातले घोडे आणि त्यांची मूळ गावं.

"शेटलँड, छोटूवाला, स्कॉटलंडच्या बेटावरचा. मारवाडी, कान मुडे हुए. आबा, अब?"

"भीमथडी लिही नं, पोट्टी!" नरहरराव सरसावून बसले. "आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेत त्याच्यावर बसूनच रायपुरात आले. अस्सल रक्त! भेसळ झाली का खेचर होते."

"खेचर मतलब?"

"घोड्याच्या घरात गाढवीण आणली का जे होते, ते."

सोफ्यावर मोबाइल पाहत पडलेल्या निरंजनच्या नाकातून हसू फुटलं. बायकोकडे नजर जाताच त्यानं ते खोकल्यात दडवलं. गंधालीनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओढणीला हात पुसले, उगाचच, पुन्हा पुन्हा.

"पापा, मोबाइल दो ना." स्वरदा बोट ठेवून वाचू लागली. "भीमथडी. भीमा नदीच्या काठचा. अरबी, तुर्की घोडे आणि इथले तट्टू... मिलाके बनाया." तिनं मान वर केली. "आबा, ये तो मिक्स है!"

नरहररावांनी हात झटकला.

"मोबाइलवर कोणीही काहीही लिहिते," नरहरराव म्हणाले. "तू 'शुद्ध' लिही. टीचरले काय समजते? सूनबाई, सांग तिले."

'हव बाबा' गंधालीच्या जिभेवर नेहमीसारखं तयार होतं. पण तोंडातली आंबट चव अजून गेली नव्हती, आणि तिच्यावरून ते दोन शब्द काही पुढे सरकेनात.

"जसं वाचलं तसंच लिही, बाळा."

"जबान चालून राहिली तुझी!"

"गंधाली, जाऊ दे ना यार," निरंजन म्हणाला.

"काय जाऊ देऊ?"

नरहररावांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

'मिश्र'मधला श्र स्वरदाला जमेना. गंधाली तिच्याजवळ खाली बसली, तो इवलासा हात हातात घेतला आणि दोघींनी मिळून अक्षर गिरवलं. लेकीच्या केसांना गोंदाचा वास येत होता. स्वरदानं पेन्सिल ठेवली आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"मम्मी, तुला तर बोलता येते. फिर आबाने आजी का कप फेंकने बोला, तब काहून नहीं बोली?"