मुरारीच्या तळघरातलं आसव

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी मुरारीच्या अंगणात साठ माणसं रांगेत उभी होती. त्यांत माळकरी चार. एरवी दारूच्या वासानंही नाक मुरडणारे. पण तळघरातल्या बाटल्यांना मुरारी ‘आसव’ म्हणायचा, तेवढ्यावर त्यांची माळ शाबूत.

“माझा खापरपणजा महाबळेश्वरच्या गोऱ्या साहेबाचा खानसामा!” मुरारी गरजला. “साहेब गेला, बाटल्या आमच्या तळघरात राहिल्या. शंभर वर्षं अंधारात तप केलंय या द्राक्षांनी! घरात कुणाचा पायगुण वाईट असेल, तर त्याच्या कपात लाल आसव हिरवं पडणार!”

“शंभर वर्षांत संपलं कसं नाय?” मागून कुणीतरी विचारलं.

“तप केलंय म्हटलं ना!”

एवढ्यात पोलादपूरचा काशीराम आसव चाखून तळघरातून वर आला.

“कसा लागतां रे?” रांगेतल्या एकानं विचारलं.

“पयलं गोड, मग तुरट, मग आजा आठवतो.”

“तुझा आजा तर तू जन्मायच्या आधीच गेला!”

“म्हणून तर चमत्कार!”

रांगेतल्या बयाबाईला हसू आलं नाही. वर्षभरात तिच्या राजेशचा टेम्पो घाटात दोनदा कलंडला होता. लग्नालाही वर्षच झालेलं. तिनं दोन्ही गोष्टी एकाखाली एक मांडल्या आणि बेरीज केली : सून. सोमवारी नाव नोंदवायला आली, तेव्हा मुरारीनं सहज विचारलं होतं, “संशय कुणावर?” तिनं सांगून टाकलं. आज हिरवं पडलं, तर राजेश बायकोला महाडला माहेरी सोडणार होता, कायमची. स्नेहलच्या कपड्यांची पिशवी टेम्पोतच होती.

तिघांची पाळी आली. तळघरात मेणबत्तीच्या उजेडात मुरारीनं तीन पांढऱ्या कपांत घोट घोट ओतलं आणि तिघांना अंगणात आणलं. राजेशचं लाल. बयाबाईचं लाल. स्नेहलचं शेवाळासारखं हिरवंगार.

“चल,” राजेश मान खाली घालून म्हणाला.

“ब्रेक लायनर बदला म्हणून मी दोनदा सांगितलं होतं,” स्नेहल म्हणाली. “ते कुणाच्या पायगुणानं झिजले, तेही विचारा की आसवाला.”

काशीराम आ वासून बघत होता. बयाबाईची नजर त्याच्या तोंडात गेली आणि तिथंच अडकली.

“काशीराम, जीभ काढ रे.”

“का गो?”

“काढ म्हणते ना!”

जीभ बाहेर आली. गर्द जांभळी.

“द्राक्षानं अशी जीभ होते? ही जांभळं हायत! गेल्या सालची, गुळात आंबवलेली!”

“आसवाचा कोप होईल!” मुरारी ओरडला.

“होऊ दे.” बयाबाईनं सुनेच्या कपातलं हिरवं मातीत ओतलं, त्याच कपात आपलं लाल रिकामं केलं आणि हलवलं. तेही हिरवं पडलं! “आता माझाबी पायगुण वाईट, का कपाचा?”

कपाच्या तळाशी तिनं बोट फिरवलं. पांढरा लेप. चाळीस वर्षं तंबाखू मळणाऱ्या बाईला तो सांगावा लागत नाही. तिनं कमरेची चुन्याची डबी काढली आणि नखभर चुना राजेशच्या कपात कालवला. हिरवं.

“राजेश, तू बी माहेरी जातोस काय रे?”

अंगण खदखदून हसलं. मग एका माळकऱ्यानं विचारलं, “पण कुणाच्या कपाला चुना फासायचा, ते याला कसं समजलं?”

मुरारी बयाबाईकडे बघू लागला. ती गप्प बसली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

“मी सांगितलं,” ती म्हणाली. “सोमवारी. माझ्याच तोंडानं.” मग सुनेकडे वळली. “चुकलं माझं. घरी चल.”

“आधी ब्रेक, आई,” स्नेहल म्हणाली. “मग मी टेम्पोत बसेन.”

जांभळाच्या रसात पुरेसा चुना पडला, की तो हिरवट पडतो. कप सुनेच्या हातात असो की सासूच्या. घरी करून पाहा, त्याला तपश्चर्या लागत नाही. आणि चमत्कार दाखवणारा ‘संशय कुणावर?’ असं विचारू लागला, तर तिथून उठा. त्याच्याजवळ फक्त चुना असतो. नाव आपण पुरवतो.