रिलक्टंटचं दूध

"जनरसचं संपलं. रिलक्टंटचं चालंल का?"

तानाबाईंनी असं विचारलं आणि पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी पुढं केलेला रिकामा पेला मागं घेतला. "ही कुठली जात? मुऱ्हा ऐकलीय, पंढरपुरी ऐकलीय..."

"जात न्हवं पावणं, सोभाव हाय त्यो. जनरस म्हंजी दिलदार. हात लावला की धार सोडती. आन् ही रिलक्टंट. मनात नसतंय, पान्हा चोरती, पर शेवटाला देती."

मी रोज संध्याकाळी आमच्या गावच्या मंगळवार पेठेतल्या या कट्ट्यावर तानाबाईंच्या म्हशींचं समोर काढलेलं दूध प्यायला जातो, त्यामुळे मला सगळा प्रकार ठाऊक होता. तानाबाईंची सून संयोगिता नर्स. इंग्लंडात नोकरी हवी तर आधी इंग्रजीची परीक्षा. बिचारी रात्री शब्द पाठ करायची आणि सकाळी विसरायची. एकदा अगदी रडकुंडीला आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एकेका म्हशीला एकेक शब्द दे की! म्हशीचं नाव कोण इसरतंय व्हय?"

झालं! चांद्रीची जनरस झाली, मोरीची रिलक्टंट, लाथाडणारी ती अग्रेसिव्ह. म्हशी संपल्यावर या बाया गिऱ्हाइकांवर घसरल्या. मी अर्धाच पेला घेतो, म्हणून मी फ्रुगल, म्हणजे काटकसरी. मी घरी कौतुकानं सांगितलं, तर बायको म्हणाली, "चिक्कू म्हणायचं असेल त्यांना."

सून पास झाली की मुलगाही तिच्याबरोबर जाणार, मागं आपण एकट्या, हे तानाबाईंना पक्कं माहीत होतं. तरी धार काढता काढता रोज सुनेला शब्द विचारायच्या आणि चुकली की त्या शब्दाची म्हैसच दाखवायच्या.

संयोगिता पास झाली. जायच्या दिवशी गाडी कट्ट्यापाशीच थांबली. ती सासूच्या पाया पडली आणि तिथंच घुटमळली. "आत्या, जाऊ न्हवं?"

"जा की! खुळी हाईस का? जनरस हाय मी!" सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्यानं तानाबाई म्हणाल्या.

गाडी वळली. मी विचारलं, "मावशी, खरंच जनरस?"

त्यांनी पदरानं हात पुसले. मग हळूच म्हणाल्या, "रिलक्टंट."

मागं वैरण खाणाऱ्या मोरीनं मान वर केली.

"तुला न्हाय गं," तानाबाई म्हणाल्या, "मी माझं सांगतोय."